घर एक, रिटर्न दोन

आमच्या घरातला फोन माझ्या नावावर होता. त्यामागे काही विचार होता असं नाही. नंबर लावला तेव्हा ह्यांची नोकरी संस्थेच्या चिपळूणच्या शाळेत होती आणि हे शनिवारी येऊन सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे. फोन रत्नागिरीच्या घरात बसवायचा, तर अर्ज तिथे राहणाऱ्या माणसाच्या नावाने केलेला बरा, असं ह्यांनीच ठरवलं आणि आपल्या वळणदार अक्षरात माझं नाव लिहून अर्ज देऊन टाकला. फोन यायला इतकी वर्षं लागली की तोवर ह्यांची बदली रत्नागिरीला झाली, हे शाळेत हेडक्लार्क झाले आणि मी आमच्या पुढच्या पडवीत ब्यूटी पार्लर सुरू केलं.

नवी डिरेक्टरी आली तेव्हा ह्यांनी आधी आपलं आडनाव काढून पाहिलं. तिथे माझं नाव होतं. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. शाळेतले सहकारी चिडवायचे, "तुम्हाला फोन करायचा तर आधी वहिनींचं नाव माहीत पाहिजे." हे हसून सोडून द्यायचे. फोनही बहुतेक माझेच असायचे. लग्नसराईत तर दुपारी ह्यांनी उचलला की पलीकडून कुणीतरी विचारायचं, "मॅडम आहेत का? आपण कोण, असिस्टंट का?"

तर असं सगळं सुखाने चाललं असताना एके दिवशी हे वर्तमानपत्र घेऊन पडवीत आले. मी एका कॉलेजच्या मुलीच्या भुवया कोरत होते. त्या कामात दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, त्यामुळे मला बोलता येत नाही. ह्यांना ते माहीत होतं. मला काही सांगायचं असलं की हे नेमकी ती वेळ गाठत.

"ऐकतेस ना? तुला रिटर्न भरायला लागणार."

मी भुवयांनीच विचारलं, कसलं?

"इन्कम टॅक्सचं. ज्याच्या नावावर फोन आहे त्याने भरायचं, कर बसो किंवा न बसो. मोठ्या शहरांना हा नियम होताच, आता आपल्यालाही लागू झाला आहे."

मी दोरा दातातून सोडला. "पण ते तुम्ही भरता ना दरवर्षी?"

"ते माझं. नवरा-बायकोचं एकत्र भरता येत नाही. ज्याचं त्याने."

खुर्चीतली मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "काकू, उरलेली भुवई करा ना आधी."

आमच्या घरात कागदपत्रं हे खातं पहिल्यापासून ह्यांचं. रेशनकार्ड, घरपट्टी, विम्याचे हप्ते, गॅसचं पुस्तक, सगळं एका निळ्या ट्रंकेत क्रमवार. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या पगाराचे दाखले हेच तयार करायचे आणि जुलैमध्ये अर्धी स्टाफरूम आपापले फॉर्म घेऊन ह्यांच्या टेबलाशी उभी असायची. तेव्हा माझंही रिटर्न हे भरतील, मी सही करीन, एवढंच मला वाटलं होतं. पण ह्यांना नोकरदारांचे फॉर्म भरता येत होते, धंदेवाल्यांचे नाही. आणि आणखी एक अडचण ह्यांच्या मनात होती ती मला नंतर कळली.

आम्ही एका कर सल्लागारांकडे गेलो. मारुती मंदिराच्या बाजूला, दोन जिने चढून ऑफिस. गृहस्थ वयस्कर, अंगाने स्थूल, बोलणं संथ. ह्यांनी सगळी हकिकत सांगितली. सल्लागारांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "सोपं आहे. फोन तुमच्या नावावर करून घ्या. तुम्ही रिटर्न भरताच. वहिनींना कशाला हा ताप?"

ह्यांचा चेहरा खुलला. "मी तेच म्हणत होतो."

हे तसं काही म्हणत नव्हते, निदान माझ्याजवळ तरी.

मी विचारलं, "आणि मी भरलं तर काय होईल?"

"होणार काहीच नाही. पण एकदा सुरू केलं की दरवर्षी भरत राहावं लागेल."

"ह्यांना दरवर्षी भरावं लागतंच ना?"

"हो, ते तर लागतंच."

"मग मीही भरीन."

मी असं का म्हणाले ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. फोनवरचं नाव जाईल याचं थोडं वाईट वाटलं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त, 'कशाला हा ताप' हे मला आवडलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून नवरीच्या घरी जाऊन तिचे केस विंचरण्यापासून पदराच्या शेवटच्या पिनेपर्यंत उभं राहण्यात ताप असतो. एका कागदावर सही करण्यात कसला ताप?

सल्लागारांनी पेन उघडलं. "बरं. मग व्यवसायाचं स्वरूप काय लिहू?"

मी तोंड उघडण्याआधी हे म्हणाले, "शिवणकाम लिहा."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. शिलाई मशीन आमच्या घरी होतं, पण त्यावर मी उश्यांचे अभ्रे सोडून काही शिवलं नव्हतं.

"शिवणकाम कुठलं? ब्यूटी पार्लर लिहा," मी म्हणाले.

हे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघू लागले. तेव्हा मला कळलं की शाळेत कुणी विचारलं तर हे 'ती घरीच असते' एवढंच का सांगतात. खोटं नव्हतं ते. पडवी घरातच होती.

सल्लागार मात्र पेन हवेत धरून माझ्याकडे पाहत होते. "पार्लर? कुठे?"

मी आळी सांगितली, कोपऱ्यावरची विहीर सांगितली.

"म्हणजे गेल्या मे महिन्यात आमच्या सुनेला तयार करायला आलेल्या तुम्हीच का?"

मी नीट बघितलं. गृहस्थांना मी फेट्यात पाहिलं होतं, म्हणून ओळखलं नव्हतं. त्या लग्नात सगळ्यांत जास्त घाई त्यांनाच होती, दर पाच मिनिटांनी दाराशी येऊन 'मुहूर्त, मुहूर्त' करत होते.

"हो, मीच," मी म्हणाले.

"मग उत्पन्न लपवून चालणार नाही हं," ते गदगदा हसत म्हणाले. "तुमचा दर मला पाठ आहे."

हेही हसले. हसताना ह्यांचा अवघडलेपणा जरा सुटला असं मला वाटलं.

रिटर्नच्या आधी पॅन नंबर काढणं भाग होतं. तो फॉर्म आम्ही घरी आणला आणि रात्रीची जेवणं झाल्यावर हे टेबल पुसून बसले. ठळक अक्षरांत, एका चौकटीत एक अक्षर, असं लिहीत गेले. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता. लिहून झाल्यावर मोठ्या समाधानाने मला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सल्लागारांच्या ऑफिसातल्या मदतनीस बाईंनी फॉर्मवर नजर टाकली आणि तो परत आमच्याकडे सरकवला.

"वडिलांचं नाव चुकलंय."

"ते वडिलांचं नाही, माझं आहे. मी नवरा," हे म्हणाले.

"तेच तर चुकलंय. इथे वडिलांचं नाव लागतं."

"अहो, पण लग्न झालंय हिचं!"

"झालं असलं तरी. लग्न झालेल्या बायकांनाही वडिलांचंच."

हे फॉर्म उलटसुलट करून बघू लागले. "मग नवऱ्याचं नाव कुठे लिहायचं?"

"नवऱ्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या आणि शांतपणे नवा कोरा फॉर्म पुढे केला.

तो मी भरला. लग्नानंतर बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, जिथे जिथे नाव लिहिलं तिथे मधलं नाव ह्यांचं होतं. वडिलांचं पूर्ण नाव इंग्रजीत लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नव्हती. एक अक्षर दोनदा येतं की एकदा, यावर मी अडले. शेवटी त्याच ऑफिसातून सावर्ड्याला फोन लावला.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, सावर्ड्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. वय झालं होतं, दुकान भावाने घेतलं होतं, पण अप्पा रोज सकाळी जाऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसायचे. फोन भावाने घेतला आणि त्यांना दिला.

"अप्पा, तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं?"

"कशाला गो?"

"सरकारला हवंय."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज. मग घाबऱ्या आवाजात, "काय केलं मी?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण स्पेलिंग मात्र त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि मला परत म्हणून दाखवायला लावलं.

कार्ड यायला वेळ होता. तोवर माझं वर्षभराचं उत्पन्न काढायचं होतं आणि तिथे आम्ही दोघंही अडलो. ह्यांच्या पगाराचा दाखला शाळेतून तयार मिळायचा. माझ्याकडे तसलं काहीच नव्हतं. यायचे ते पैसे मी एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचे आणि लागतील तसे काढायचे. लिहून ठेवायची सवय नव्हती.

रविवारी दुपारी हे पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसले. "आठव. एप्रिलपासून सुरुवात कर."

"एप्रिलात पहिली नवरी पावसची. डोळ्यांत काजळ घातलं की रडायची. तीनदा घातलं, तीनदा गेलं. शेवटी तिच्या आजीला म्हटलं, आता तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघून ती रडतेय. आजी बाहेर गेली आणि तिथे जाऊन स्वतःच रडायला लागली."

ह्यांनी एक ओळ लिहिली. "पुढे?"

"मग बुरोंडीची. त्यांनी गाडी पाठवली होती. रस्त्यात गाडी बंद पडली, तर पाटीवाल्या कोळणींनी टेम्पो थांबवून मला त्यात बसवलं. मी मेकअपची पेटी मांडीवर घेऊन माशांच्या पाट्यांमध्ये. नवरीच्या आईने दारातच माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं."

हे लिहायचे थांबले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही बोर्डाच्या परीक्षेच्या कामात होतात."

एकेक नवरी आठवत गेले. एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला जाणारी एक होती, तिला हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत रजा नव्हती. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने उतरायची ती थेट माझ्या दारात, तिचे हात घासून घासून मऊ करायला मला चार बैठका लागल्या होत्या. एकीचे केस इतके दाट की माझ्या सगळ्या पिना संपल्या आणि वरमाईने आपल्या अंबाड्यातल्या काढून दिल्या. एका नवऱ्या मुलालाही तयार केलं होतं. चेहऱ्यावर पुरळ उठलं म्हणून तो मागच्या दाराने आला होता आणि 'कुणाला सांगू नका' म्हणत होता.

"त्याचं नाव काय?" ह्यांनी विचारलं.

"कुणाला सांगू नका म्हणाला ना!"

"रिटर्नमध्ये नावं लिहायची नसतात गो, मला आपलं कळू दे."

मी नाही सांगितलं. हे इतके हसले की पेन्सिल खाली पडली. नवऱ्या मुलींनंतर मग भुवया, फेशियल, मेंदी, असं अंदाजाने धरत गेलो. सामान, वीज, रिक्षाभाडं वजा करत गेलो. चहा दोनदा झाला. उन्हं कलली तेव्हा हे कागद बाजूला ठेवून खुर्चीत मागे रेलले.

"एवढं सगळं चालतं पडवीत. मी कुठे असतो?"

"शाळेत," मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी येताना हे एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले, पहिल्या पानावर शाईने रेघा मारलेली, रकाने पाडलेले. आणि त्याच आठवड्यात शाळेतल्या एक बाई माझ्याकडे पहिल्यांदाच आल्या. म्हणाल्या, "सर म्हणत होते, आमच्या मिसेसचं पार्लर आहे. इतकी वर्षं बोलले नाहीत कधी!"

कार्ड पोस्टाने आलं. वर माझं नाव, खाली अप्पांचं. फोटोत मी जरा रागावल्यासारखी दिसत होते, ते सोडलं तर छान होतं. गणपतीच्या आधी सावर्ड्याला गेले तेव्हा ते बरोबर नेलं. अप्पा दुकानातच होते. त्यांनी घड्याळ तपासायची ती छोटी भिंगाची नळी डोळ्याला लावली आणि कार्ड अगदी नाकाशी धरलं. मी समोर उभी. बराच वेळ वाचत होते. दोनच ओळी तर होत्या.

"स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले. मग नळी काढून म्हणाले, "बाय, तुला दिली तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव सुटलं."

"सुटलं नाही, अप्पा. सरकारने धरून ठेवलंय."

त्यांनी कार्ड धोतराच्या सोग्याला पुसलं आणि शेजारच्या किराणा दुकानात घेऊन गेले. मग समोरच्या मेडिकलवाल्याकडे. तिथून रिक्षा स्टँडवर. मी परतायच्या वेळी कार्ड मागितलं तर म्हणाले, "राहू दे की आठ दिवस. काही लोकांना अजून दाखवायचंय." पुढच्या रविवारी हे स्वतः ते आणायला गेले. अप्पांनी कार्ड दोन्ही हातांनी ह्यांच्या हातात ठेवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "जावईबुवा, वाईट वाटून घेऊ नका हो. तुमचं नाव नाही त्यात." हे घरी येऊन मला सांगताना पुन्हा पुन्हा हसत होते.

पुढच्या जुलैपासून आम्ही दोघं मिळून रिटर्न द्यायला जायला लागलो. ती पहिली खेप चांगली लक्षात आहे, कारण पाऊस नुसता कोसळत होता. ह्यांनी दोन्ही फॉर्म एका टाचणीत अडकवून, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, शर्टाच्या आत ठेवले होते. रांगेत सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी जमिनीवर. आमचा नंबर आला. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटले आणि टाचणी काढली.

"हे दोन आहेत. वेगळे द्या."

"एकाच घरातले आहेत," हे म्हणाले.

"घर एक असेल, रिटर्न दोन आहेत," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून सौम्यपणे, "वहिनी, तुम्ही एवढ्या पावसात यायची गरज नव्हती. साहेबांनी आणून दिलं असतं."

मी म्हटलं, "मी माझंच द्यायला आले आहे. खरं तर ह्यांनी यायची गरज नव्हती, मी ह्यांचं आणून दिलं असतं."

मागे रांगेत कुणीतरी खो खो हसलं. गृहस्थांनाही हसू आलं. त्यांनी दोन पोचपावत्यांवर दोन शिक्के मारले, माझी माझ्या हातात दिली, ह्यांची ह्यांच्या.

त्या वर्षी मला कर बसला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ह्यांच्या पगारातून मात्र कापला जायचा, आणि दर मार्चमध्ये हे माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचे. बायकांना करात जरा जास्त सवलत मिळते हे कळल्यावर तर ह्यांनी जेवता जेवता मला एक छोटंसं भाषण दिलं. मी त्यांना आणखी एक आंबोळी वाढली आणि म्हटलं, "घरात कुणाला तरी सवलत मिळतेय ना? मग गप्प जेवा."

पार्लर वाढत गेलं. पडवीला काच लावली, दोन खुर्च्या झाल्या, हाताखाली दोन मुली आल्या. गिऱ्हाईक बायका माझ्याकडे भुवयांबरोबर पॅनचीही चौकशी करू लागल्या. कुणाच्या नावावर फोन, कुणाच्या नावावर बँकेतली ठेव. मी दातातला दोरा सोडून सांगायचे, "वडिलांचं स्पेलिंग आधी विचारून घ्या." दोघी-तिघींना मीच त्या दोन जिन्यांवर घेऊन गेले.

मग एका वर्षी हिशेब संपवून ह्यांनी पेन्सिल ठेवली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन. या वर्षी तुला कर बसतोय."

"किती?"

रक्कम ऐकून मला आधी हसू आलं. तेवढ्यात एक बरीशी साडीसुद्धा आली नसती. पण बसला होता खरा.

चलन भरायला मी बँकेत एकटी गेले. खिडकीतल्या मुलीने चलन बघितलं. "मिस्टरांचं का?"

"नाही, माझं."

तिने पुन्हा नाव वाचलं आणि शिक्का मारला. बाहेर आले तर ऊन छान पडलं होतं. मला सरळ घरी जावंसं वाटेना. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात शिरले आणि अर्धा किलो पेढे मागितले.

दुकानदार ओळखीचे. "काय वहिनी, मुलगी पास झाली?"

"मुलगी केव्हाच पास होऊन पुण्याला नोकरीला लागली."

"मग साहेबांचं प्रमोशन?"

"नाही हो. मी कर भरला. इन्कम टॅक्स."

त्यांनी तराजूवरचा हात थांबवला. "कर भरल्याचे पेढे?" मग आतल्या बाजूला वळून आपल्या भावाला ओरडून सांगितलं, "ऐकलंस का रे? कर भरला म्हणून पेढे नेतायत!" दोघं भाऊ माझ्याकडे कौतुकाने आणि थोड्या काळजीने बघत राहिले. वर चार पेढे जास्त टाकले त्यांनी.

घरी पोहोचले तर पायरीवर एक मुलगी आईबरोबर बसलेली. मजगावहून आल्या होत्या, दोन दिवसांवर लग्न. काचेचं दार उघडं होतं पण मी नाही म्हणून आत गेल्या नव्हत्या. मी आधी त्या मुलीच्या हातावर पेढा ठेवला, मग तिच्या आईच्या. आईने विचारलं, "कसला हो?" मी म्हटलं, "सांगते, आधी आत तर या." आणि पंखा लावून, हात धुऊन, मुलीची हनुवटी उजेडाकडे वळवली.